ड्रॉइंग आपले हवे : कृत्रिम बुद्धिमत्ता, व्हिडिओ गेमचा धंदा आणि आपली मुले

(पुनावळे येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात नवल नाही. मुलांच्या हातचा मोबाइल कसा सोडवावा या विवंचनेत असलेल्या पालकांपुढे कोणी व्हिडिओ गेमवर बोलू लागला, तर ते आगीत तेल ओतण्यासारखेच वाटावयाचे. म्हणून प्रथमच खुलासा करतो. मुलांनी खेळ खेळावेत की न खेळावेत, हा आजचा विषय नव्हे. खेळ तयार करणे हा आज जगातील एक मोठा उद्योग आहे. त्या उद्योगाची काही महत्त्वाची केंद्रे आपल्या पुण्यात आहेत. आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे नवे यंत्र त्या उद्योगात शिरल्यामुळे कोणाचे काम राहणार आणि कोणाचे जाणार, हा प्रश्न तेथे पुष्कळ धंद्यांच्या आधी उभा राहिला आहे. आपल्या मुलांनी काय शिकावे, कसे शिकावे, याचा बोध त्या धंद्याकडे पाहून होतो. म्हणून हा विषय मी निवडला.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पैसे लावून मोबाइलवर खेळण्याचे जे प्रकार आहेत, ते या व्याख्यानात येत नाहीत. जुगार आपल्या धर्माने हराम ठरविला आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, शैक्षणिक आणि सामाजिक खेळ यांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. जुगार वेगळा आणि खेळ बनविण्याचा उद्योग वेगळा, हा फरक पालकांनी मनाशी पक्का करावा.

जॉबवर्कची शिकवण

पुनावळे हे गाव मोठ्या मोक्याच्या जागी वसलेले आहे. एका अंगाला हिंजवडीच्या संगणक-कंपन्या, दुसऱ्या अंगाला आकुर्डी, पिंपरी, भोसरी आणि पुढे चाकण येथील कारखाने. आपल्यापैकी कित्येकांनी या पट्ट्यातील लहानमोठ्या कारखान्यांत उभे आयुष्य घालविले आहे. तेव्हा जॉबवर्क म्हणजे काय, हे तुम्हांस सांगावयास नको. मोठ्या कंपनीकडून ड्रॉइंग येते. आपण लेथवर, मिलिंगवर तो भाग बनवून देतो. मापात बसला तर बिल निघते, न बसला तर रिजेक्ट. कारागीर कितीही कसबी असो, तो भाग कसा असावा हे त्याने ठरविलेले नसते. म्हणूनच तोच भाग दुसरा कोणी थोडा स्वस्त देऊ लागला, किंवा नव्या यंत्रावर तो झटपट निघू लागला, की ऑर्डर बंद होते.

लेथच्या जागी सीएनसी यंत्रे आली तेव्हा काय झाले ते आठवा. ज्याला केवळ हँडल फिरविण्याची सवय होती तो मागे पडला. ज्याला ड्रॉइंग वाचता येत होते, त्रिकोणमिती येत होती, कोणता धातू कसा कापला जातो हे ठाऊक होते, तो त्याच यंत्राचा प्रोग्रॅम लिहू लागला. यंत्र दोघांपुढे एकच होते.

आकुर्डीच्या बजाज कारखान्याचा इतिहासही हेच सांगतो. आरंभी इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्याने तेथे व्हेस्पा स्कूटर बनत असे. १९७१ मध्ये तो परवाना संपला. १९७२ मध्ये चेतक आली. तिचा सांगाडा व्हेस्पाच्याच घराण्यातला होता, पण नाव आपले होते. पुढे २००१ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी विकसित केलेली पल्सर मोटारसायकल बाजारात आली आणि ती परदेशांतही विकली गेली. दुसऱ्याच्या परवान्यापासून तेथवर पोचावयास तीस वर्षे लागली. व्हिडिओ गेमच्या धंद्यात पुणे आज याच वाटेवर मध्येच कोठेतरी उभे आहे.

एकाच शहरातील दोन खेळ

व्हिडिओ गेम हे एका माणसाच्या हातचे काम क्वचितच असते. खेळाची कल्पना आणि नियम ठरविणारा एक, चित्रे काढणारा दुसरा, त्या चित्रांच्या त्रिमिती आकृती घडविणारा तिसरा, त्यांना हालचाल देणारा चौथा, संगणकाची आज्ञावली लिहिणारे काही, संगीत व आवाज देणारे काही, आणि सरतेशेवटी शेकडो वेळा खेळून चुका शोधणारे परीक्षक. मोठ्या खेळावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात. यांतील पहिले काम सोडले तर बाकीची कामे परदेशी कंपन्या आपल्या देशात करवून घेऊ लागल्या, त्याला पंचवीस वर्षे होत आली. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही १९९७ मध्ये निघालेली कंपनी या कामात अग्रेसर होती. पुण्यात फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये आपले केंद्र केले. एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करणे, चुका शोधणे, ठरलेल्या नमुन्याबरहुकूम भाग घडविणे, अशी कामे येथे होऊ लागली. हजारो मुलांना त्यातून रोजगार मिळाला, हात तयार झाले. या कामाला मी कमी लेखत नाही. परंतु ते जॉबवर्क होते.

या पुण्यातील दोन खेळांची हकिगत सांगतो. पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८९ मध्ये तो प्रथम काढला. जवळजवळ चार वर्षे तो त्यावर खपत होता. माणसाची धाव खरी दिसावी म्हणून त्याने धाकट्या भावाला पळावयास, उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले आणि एकेक चित्र संगणकावर गिरविले. कथेचे वातावरण इराणचे, अलिफ लैलेच्या गोष्टींतले; तुमच्या-आमच्या आजीला ठाऊक असलेले. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या कॅनडातील माँट्रियल केंद्राने त्याच नावाचा नवा भाग काढला आणि तो जगभर गाजला. तोच खेळ नव्या रूपात पुन्हा काढण्याचे काम पुणे व मुंबई येथील केंद्रांकडे आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. आपल्या मुलांच्या दृष्टीने ही फार मोठी संधी होती. पण पहिली झलक पाहून चित्रांवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम पुन्हा माँट्रियलकडे गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो प्रकल्पच रद्द झाल्याचे कंपनीने जाहीर केले. पुण्यातील मुलांत कसब नव्हते असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. अर्थ एवढाच की, ज्याचे ड्रॉइंग दुसऱ्याचे, त्याच्या हातून काम केव्हाही काढून घेता येते. मग ती इराणच्या राजपुत्राची कथा का असेना.

दुसरा खेळ ‘राजी’. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीचा. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधावयास निघालेल्या एका मुलीची ही कथा. देखावे राजस्थानच्या वाड्यांचे, कथा सांगण्याची रीत बाहुल्यांच्या छायाखेळाची. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न केला. ठरविलेली रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी त्या दुसऱ्या खेळाची घोषणा झाली त्याच वर्षी, ‘राजी’ जगाच्या बाजारात आली. आणि वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’ या मोठ्या पारितोषिकाच्या पदार्पणाच्या विभागात तिला नामांकन मिळाले. मोठी कंपनी नाही, मोठा पैसा नाही; पण ड्रॉइंग स्वतःचे.

पुण्यातच याच वाटेची आणखी उदाहरणे आहेत. सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा आपला खेळ काढला. ‘रिअल क्रिकेट’ ही लोकप्रिय मालिका काढणाऱ्या नॉटिलस मोबाइल या पुण्याच्या कंपनीचा मोठा हिस्सा २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने सुमारे ११८ कोटी रुपयांना घेतला. परदेशी कंपनीने किंमत मोजली ती स्वतःच्या नावाने चालणाऱ्या खेळाची, हे लक्षात घ्या.

यंत्र काय करते आणि काय करीत नाही

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. खेळांत ती नवी नाही. १९८० च्या ‘पॅकमॅन’ या जपानी खेळात चार भुते होती. एक सरळ पाठीस लागे, दुसरे पुढे जाऊन वाट अडवी. ही हुशारी माणसाने लिहिलेल्या दोन-चार नियमांची होती. गेल्या काही वर्षांत जे यंत्र आले त्याची जात निराळी आहे. कोट्यवधी पाने आणि चित्रे त्याला दाखविली जातात, आणि त्यांतून कोणत्या गोष्टीमागून कोणती येते हे ते शिकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हापासून सर्वांना त्याची ओळख झाली. ते आज्ञावली लिहिते, चित्र काढते, संवाद लिहिते, भाषांतर करते, आवाजाची नक्कल करते. युबिसॉफ्टनेच मार्च २०२३ मध्ये ‘घोस्टरायटर’ नावाचे साधन जाहीर केले. खेळातील दुय्यम पात्रांच्या फुटकळ वाक्यांचा पहिला खर्डा ते करून देते. आवाज आणि अभिनय देणाऱ्या अमेरिकेतील कलावंतांनी, आपल्या आवाजाची व अंगविक्षेपांची यंत्राने नक्कल करू नये म्हणून, जुलै २०२४ मध्ये संप पुकारला तो दहा महिन्यांहून अधिक चालला. खेळ विकणाऱ्या स्टीम या मोठ्या बाजारपेठेने जानेवारी २०२४ पासून, खेळात असे यंत्र वापरले असल्यास ते ग्राहकाला सांगावे, असा नियम केला.

या यंत्राचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे. जी गोष्ट हजार जणांनी हजार वेळा केली आहे, ती ते चटकन करते. म्हणजे नेमके काय? तर ठरलेल्या नमुन्याचे काम, अर्थात जॉबवर्क. एखादा खेळ खेळताना मजा येते की कंटाळा येतो, दहा वर्षांच्या मुलीला कोणत्या पायरीवर अडखळावयास होते, एखादी गोष्ट कोठे थांबवावी, हे ठरवावयास माणूस लागतो. यंत्र दहा चित्रे देईल. त्यांतील नऊ का टाकावीत हे ज्याला कळते, त्याला पगार मिळेल.

बुद्धिबळाचे उदाहरण घेऊ. आपल्या देशातील चतुरंग इराणात गेला आणि तेथून अरबांकडे जाऊन शतरंज झाला. नवव्या शतकात बगदादच्या दरबारात अल-अदली याने त्यावर ग्रंथ लिहिला. दहाव्या शतकात अस-सुली हा सर्वांत मोठा खेळाडू मानला जाई. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द त्याच प्रवासातून मराठीत आले. त्या खेळात संगणकाने १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोवला हरविले, तेव्हा पुष्कळांना वाटले की बुद्धिबळ संपले. प्रत्यक्षात काय झाले? आज प्रत्येक खेळाडू त्याच यंत्रासमोर बसून तयारी करतो, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख ही एकोणीस वर्षांची मुलगी महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिच्याजवळ जे यंत्र होते ते तिच्या प्रतिस्पर्ध्यांजवळही होते. पटापुढे मात्र एकटीनेच बसावे लागते, आणि तेथे यंत्राला विचारता येत नाही. यंत्राकडून शिकणे आणि यंत्राकडून करवून घेणे, यांत असा फरक आहे.

तथापि एक खरी अडचण आहे आणि ती लपविणे योग्य नव्हे. कारखान्यात पोरगा प्रथम हेल्पर म्हणून लागतो, मग ऑपरेटर होतो, मग सेटर. हेल्परच्या वर्षांत तो चुका करतो, बोलणी खातो आणि शिकतो. खेळांच्या धंद्यातही नवशिक्याला प्रथम सोपी कामे मिळत: दगड, झाडे, भिंती यांच्या आकृती, बारीकसारीक आज्ञावल्या, चुकांची यादी. नेमकी हीच कामे यंत्र करू लागले आहे. शिडीची खालची पायरीच काढून घेतली तर वर चढावयाचे कसे, हा आज जगभरच्या तरुणांचा प्रश्न आहे. माझ्या मते याचे उत्तर एकच. हेल्परची ती वर्षे आता शाळा-कॉलेजात असतानाच पुरी करावयास हवीत. नोकरी मागावयास जाताना मुलाच्या हाती प्रमाणपत्राबरोबर स्वतः पूर्ण केलेले दोन-तीन लहान खेळ असले पाहिजेत.

जगाचा बाजार

हा बाजार किती मोठा आणि किती निष्ठुर आहे हेही ऐका. करोनाच्या साथीत घरी बसलेल्या जगाने खेळ पुष्कळ खेळले आणि कंपन्यांनी भरती वाढविली. ती लाट ओसरली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांच्या विभागातून १,९०० आणि पुढच्याच महिन्यात सोनीने आपल्या विभागातून सुमारे ९०० माणसे कमी केली. त्याला केवळ नवे यंत्र कारण होते असे नाही, परंतु धंदा भरवशाचा नाही हे खरे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनच्या गेम सायन्स कंपनीचा ‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. तो बेतला आहे चीनच्या एका जुन्या कादंबरीवर. एक भिक्षू ग्रंथ आणावयास भारताकडे निघतो आणि एक वानरवीर त्याची सोबत करतो, अशी ती कथा. ज्या ह्युएन त्संगच्या प्रवासावरून ती रचली गेली, तो सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. तुर्कस्तानात इस्तंबूलच्या पीक या कंपनीने सोपे, सर्वांना खेळता येतील असे मोबाइलचे खेळ काढले. २०२० मध्ये अमेरिकेच्या झिंगा कंपनीने ती सुमारे १८० कोटी डॉलरला विकत घेतली. सौदी अरबस्तानच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने भागीदारांसह इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकन कंपनी सुमारे ५,५०० कोटी डॉलरला घेण्याचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. आखाती देशांत आपली माणसे वेल्डर, फिटर, ड्रायव्हर म्हणून गेली. उद्या तेथून दुसऱ्या प्रकारचे बोलावणे येऊ शकते. ते कोणाच्या मुलांना येणार, एवढाच प्रश्न आहे.

आपण काय करावे

आपल्या समाजात हुनराची कमी नाही. गॅरेजमध्ये इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारी, वेल्डिंगची रेघ सुतासारखी ओढणारी, लाकडावर जाळी कोरणारी, कापडावर जरीकाम करणारी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत. हुनर हातात आहे. तो कागदावर उतरविण्याची सवय नाही. ड्रॉइंग काढणे म्हणजे मनातली गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी मांडणे. त्यासाठी गणित लागते, चित्रकला लागते, भाषा लागते. ज्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द निघाला, त्याचा आपण अभिमान बाळगतो. पण तो नवव्या शतकात बगदादमध्ये बसून भारतीय अंकपद्धती शिकला, त्यावर त्याने ग्रंथ लिहिला आणि बीजगणिताची मांडणी केली. अभिमानाबरोबर त्याची बैठकही घ्यावयास हवी.

विद्यार्थ्यांना प्रथम सांगतो. पाच तास खेळणे म्हणजे खेळ बनविण्याचे शिक्षण नव्हे. रोज पाऊण तास बनविणे हे शिक्षण आहे. साधनांना पैसा पडत नाही. त्रिमिती आकृतींसाठी ब्लेंडर आणि खेळ जुळविण्यासाठी गोदो ही दोन्ही साधने विनामूल्य व मुक्त आहेत. त्यांतील गोदो हे कोण्या श्रीमंत देशात नव्हे, अर्जेंटिनातील दोन तरुणांच्या हातून जन्मले आणि २०१४ मध्ये सर्वांना खुले झाले. घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणकावर दोघा-तिघांनी मिळून बसा. कृत्रिम बुद्धिमत्ता अवश्य वापरा, पण मास्तर म्हणून. मजूर म्हणून नव्हे. तिने लिहिलेली आज्ञावली ओळ-ओळ समजून घ्या, मग ती झाका आणि स्वतः लिहून पाहा. ज्या दिवशी न पाहता लिहिता आली, त्या दिवशी ती तुमची झाली.

विषय दूर शोधू नका. लहान वयात गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि जमिनीखालून नहर खोदून तेथे पाणी आणले. उतार किती ठेवावा, उच्छ्वास कोठे काढावा, पाणी कोणत्या मोहल्ल्याला आधी द्यावे, हा केवढा सुंदर कोड्यांचा खेळ होईल! अहमदनगरच्या किल्ल्याचे तट राखणारी चांदबिबी आहे. विटीदांडू आहे, सागरगोटे आहेत, आजीच्या दखनी गोष्टी आहेत. यांपैकी पुष्कळसे कोठे लिहिलेच गेलेले नाही, म्हणून यंत्राला ते ठाऊक नाही. आजीपाशी बसून ते लिहून घ्या. तुमचे ड्रॉइंग तेथून सुरू होते.

पालकांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, मुलगा ‘गेमिंगचा कोर्स करतो, शाळा सोडतो’ म्हणाला तर ऐकू नका. गणित आणि विज्ञान सोडून हा धंदा येत नाही. दुसरी, गेम व ॲनिमेशनच्या नावाने मोठी फी घेणारे वर्ग गल्लोगल्ली दिसतात. पैसे भरण्यापूर्वी विचारा : येथे शिकलेल्या मुलांनी पुरे केलेले काम दाखवा, शिकविणाऱ्याने स्वतः कोणता खेळ केला ते सांगा, मध्येच सोडल्यास फी परत मिळते की नाही ते लिहून द्या. उत्तर देताना जो चाचरेल, तेथून उठून या. दागिने गहाण ठेवून कोणतेही प्रमाणपत्र घेऊ नका.

तिसरी गोष्ट, मुलींना मागे ठेवू नका. ‘राजी’ची नायिका मुलगी आहे आणि तिचे चित्ररूप घडविणारी श्रुती घोष ही स्त्री आहे. हे काम बैठे आहे, बुद्धीचे आहे, आणि त्यातील बरेचसे घराजवळ राहूनही करता येते. दहावीला उत्तम गुण मिळवून घरी बसलेली प्रत्येक मुलगी ही समाजाची न काढलेली ड्रॉइंग आहे, असे मी समजतो.

चौथी, या शिक्षणाचा उपयोग खेळांपुरताच नाही. खेळ ज्या साधनांनी बनतात त्याच साधनांनी आज मोटारीचा नमुना बनण्यापूर्वी पडद्यावर दाखविला जातो, कारखान्याची मांडणी तपासली जाते, वेल्डिंगचे प्राथमिक शिक्षणही दिले जाते. खेळाच्या कंपनीत जागा मिळाली नाही तरी त्रिमिती आकृती, गणित आणि आज्ञावली येणाऱ्या मुलाला चाकणचा रस्ता बंद होत नाही.

संस्थेपुढेही एक सूचना ठेवतो. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात देशातील १५,००० माध्यमिक शाळांत आणि ५०० महाविद्यालयांत या विषयांच्या प्रयोगशाळा उभारण्याचे, आणि त्यासाठी मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेला साहाय्य देण्याचे जाहीर केले. अशा योजना ज्याचे अर्ज वेळेवर जातात त्याच्या पदरात पडतात. आपल्या शाळांची नावे त्या यादीत यावीत म्हणून आतापासून पाठपुरावा करणारे एक-दोन शिक्षक नेमावेत. तोवर निदान एवढे करावे : शाळेची संगणक-खोली दर शनिवारी दुपारी उघडी ठेवावी, चित्रकला आणि गणित यांचे शिक्षक तेथे एकत्र बसावेत, आणि पुढील संमेलनात नाटक व गाण्यांबरोबर मुलांनी बनविलेले खेळही मांडले जावेत. त्याला खर्च फार नाही, निर्धार हवा.

शेवटी पालकांना एवढेच सांगेन की, या नव्या यंत्राला भिऊन मुलांस मागे ओढू नका आणि त्याला भुलून त्यांस पुढे ढकलूही नका. तुम्ही लेथ पाहिला, सीएनसी पाहिली, मोटारींच्या कारखान्यांत रोबोट आलेले पाहिले. प्रत्येक वेळी जो ड्रॉइंग वाचू शकला तो टिकला, आणि ज्याने ड्रॉइंग काढले त्याने इतरांना काम दिले. आपली मुले आजवर वाचणाऱ्यांत आली, ही अल्लाहची मेहेरबानी आणि तुमच्या कष्टांचे फळ. आता ती काढणाऱ्यांत यावीत, अशी दुआ करतो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.